पैनगंगेकाठचा होकार

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, उमरखेड तालुक्यात, ढाणकी हे बाजारपेठेचे गाव वसले आहे. जिल्ह्याचे मुख्यालय लांब आणि नांदेड त्या मानाने जवळ, अशी त्याची जागा. या भागात पैनगंगा विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरून वाहते. स्वातंत्र्यापूर्वी अलीकडे इंग्रजी अंमलाखालील वऱ्हाड होता आणि पलीकडे निजामाचे राज्य. इकडे कलदार रुपया चाले, तिकडे हाली शिक्का. नदी ओलांडून व्यापार करणाऱ्याला थैलीतले नाणे बदलावे लागे, तसे जिभेवरचे शब्दही. दुसऱ्याची रीत समजून घेतल्यावाचून धंदा होत नाही, हा पाठ या मुलुखाला नवा नाही. आता ओलांडायची नदी मात्र फार मोठी झाली आहे.

कापूस, सोयाबीन, हळद आणि हरभरा ही या परिसरातील परिचित पिके. त्यांपैकी दोन पिकांचा ऑस्ट्रेलियाशी थेट संबंध येतो. भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यातील आर्थिक सहकार्य व व्यापार करारावर २ एप्रिल २०२२ रोजी सह्या झाल्या आणि २९ डिसेंबर २०२२ पासून तो अमलात आला. त्यानुसार दरवर्षी ५१,००० टन ऑस्ट्रेलियन कापूस शुल्काविना येऊ शकतो. हरभऱ्याची कथा अधिक चढउतारांची आहे. डिसेंबर २०१७ मध्ये त्यावर ३० टक्के आयातशुल्क बसले, मार्च २०१८ पर्यंत ते ६० टक्क्यांवर गेले. मे २०२४ मध्ये देशी हरभऱ्यावरील शुल्क उठले आणि एप्रिल २०२५ पासून १० टक्के लागू झाले. मे महिना हा क्वीन्सलंड आणि उत्तर न्यू साऊथ वेल्समधील हरभऱ्याच्या पेरणीचा काळ. तेथील शेतकऱ्याने दिल्लीचा निर्णय ऐकून पेरा वाढवला. त्यांची काढणी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होते, म्हणजे आपला हरभरा बाजारात येण्याच्या आधी त्यांचा माल जहाजात चढलेला असतो.

या व्यवहारात उतरणारा एखादा जैन व्यापारी घरातला तरुण ब्रिस्बेनला जातो, तेव्हा त्याची पहिली अडचण इंग्रजीची नसते, होकाराची असते. आपल्या बाजारात तोंडावर ‘नाही’ म्हणणे उद्धटपणाचे. म्हणून ‘बघू’, ‘होऊन जाईल’, ‘तुमच्या शब्दाबाहेर आहे का’ अशी उत्तरे दिली जातात आणि ऐकणारा स्वर पाहून खरा अर्थ ओळखतो. ऑस्ट्रेलियन मनुष्य ‘होऊन जाईल’ हे वाक्य वहीत टिपून घेतो आणि ठरल्या दिवशी विचारतो, ‘झाले का?’ मुदत पाळता येणार नसेल, तर ते आधी सांगण्यात त्याला अपमान वाटत नाही. न सांगण्यात वाटतो. त्याच्या बोलण्यातही गंमत आहे. तो ‘याह, नाह’ म्हणतो, तेव्हा पहिल्या शब्दावर आनंद मानू नये. उत्तर बहुधा दुसऱ्या शब्दात असते. सत्य-अणुव्रत घेतलेल्या श्रावकाला खरे तर ही रीत जड जाऊ नये. जड जाते, कारण भिडेपोटी दिलेला होकार आपण असत्यात मोजतच नाही.

भावाचेही तसेच. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा करणाऱ्या परंपरेत घासाघीस हा समोरच्याचा मान असतो. ऑस्ट्रेलियन विक्रेता सांगतो तो भाव बहुधा शेवटच्या भावाच्या जवळचा असतो. निम्म्यापासून सुरुवात केली, तर आपण चलाख नव्हे, वेळकाढू ठरतो.

पासष्टीचा, हजारो एकरांचा मालक पहिल्याच भेटीत स्वतःचे केवळ पहिले नाव सांगतो आणि त्याच नावाने हाक मारण्याची अपेक्षा ठेवतो. ‘सर’, ‘साहेब’ यांनी तो अवघडतो. टॅक्सीत एकट्याने मागे बसण्यापेक्षा चालकाशेजारी बसण्याची जुनी पद्धत तेथे आहे. त्यामागेही हाच बरोबरीचा भाव. खसखशीच्या शेतात एखादे बोंड इतरांहून उंच वाढले की ते छाटायचे, अशा अर्थाचा ‘टॉल पॉपी’ हा शब्दप्रयोग तेथे रूढ आहे. त्यामुळे संस्थांची पदे, देणग्या आणि सत्कार यांनी भरलेले आपले परिचयपत्र तेथे न काढलेले बरे. (येथेही काही वेळा न काढलेले बरे असते.) बैठकीच्या आरंभी त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचे आदराने स्मरण केले जाते, तेव्हा शांत राहावे. कोलाम, गोंड आणि आंध यांच्या जिल्ह्यातून गेलेल्या माणसाला त्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

खरा पेच जेवणाचा. दिवसाचे काम संपल्यावर पबमध्ये जाणे हा तेथील ओळख वाढवण्याचा मार्ग आहे आणि ‘शाऊट’ म्हणजे आळीपाळीने सर्वांसाठी पेये विकत घेणे. आपण पाणी पिऊ, पण आपली पाळी आल्यावर इतरांसाठी मद्य घ्यायचे की नाही? कृत, कारित आणि अनुमोदित हे तिन्ही आपल्याकडे एकाच हिशेबात धरले जातात; म्हणून ‘मी तर प्यालो नाही’ एवढ्याने खाते मिटत नाही. शेवटच्या क्षणी चुळबुळ करण्यापेक्षा निमंत्रण येताच आपले नियम दोन वाक्यांत सांगावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांना कॉफी आपल्यातर्फे द्यावी. कॉफीचाही ‘शाऊट’ असतो आणि तो तितकाच मनापासून स्वीकारला जातो. ‘लेमन, लाइम अँड बिटर्स’ हे शीतपेय समजून मागवू नये. त्यातील बिटर्समध्ये मद्यार्क असतो. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात तेथे अंडे बसू शकते, आणि कांदा, लसूण व कंदमुळे तर बसतातच. तेव्हा काय चालत नाही, ते एकेक नाव घेऊन सांगावे. घरच्या बार्बेक्यूला बोलावताना ‘एक प्लेट आणा’ असे सांगितले, तर रिकामे ताट न्यायचे नसते. सर्वांपुरता एखादा पदार्थ न्यायचा असतो. जैन पाहुण्याला याहून सोयीची प्रथा कोणती? मात्र शेजारी मेंढीचे मांस भाजले जात असताना प्रवचन देऊ नये. विचारले तर आपला आचार सांगावा, तोही थोडक्यात.

चौविहार पाळणाऱ्याने ऋतू पाहून भेटी ठरवाव्यात. डिसेंबरात मेलबर्नचा सूर्य रात्री साडेआठनंतर मावळतो. संध्याकाळचे जेवण सहज आटोपते. आपला चातुर्मास सुरू होतो तेव्हा तेथे हिवाळा असतो, ब्रिस्बेनमध्ये सूर्य पाचच्या सुमारास जातो आणि बैठक तेव्हा कोठे संपत असते. विमानात जैन भोजन आधी नोंदवता येते. सोबत नेलेला खाखरा, मसाला, मिठाई असे सारे काही प्रवेशपत्रकावर जाहीर करावे. काही वस्तू काढून घेतील, पण जाहीर करण्यात गुन्हा नाही, दडवण्यात मोठा दंड आहे. बियाणे तर नेऊच नये.

फोनची वेळही सांभाळावी. ब्रिस्बेन आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे. उन्हाळ्यात सिडनी व मेलबर्न साडेपाच तास. ढाणकीचा आडत्या दिवसाचे हिशेब मिटवून सायंकाळी पाचला निवांत होतो, तेव्हा तिकडे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा झालेले असतात. तेथे घरचा वेळ घरचाच मानतात.

ओळख वाढली की तिकडचा शेतकरी एक प्रश्न हमखास विचारतो: आमचा हरभरा आल्यावर तुमच्या गावच्या शेतकऱ्याचे काय होते? तो टोमणा नसतो. त्याला खरेच जाणून घ्यायचे असते. त्यावर ‘काही फरक पडत नाही’ म्हणणे सभ्यपणाचे वाटेल, पण ते खरे नाही. माल मोठ्या प्रमाणात येतो तेव्हा भावावर दाब येतो, हे सांगावे लागते. आणि फाल्गुनात तोच व्यापारी ढाणकीला परतून गादीवर बसतो, तेव्हा पोत्याची सुतळी सोडता सोडता पैनगंगेकाठचा शेतकरी विचारतो, ‘शेठजी, तुम्ही तर तिकडं जाऊन आलात. यंदा त्यांचा माल किती येणार?’ व्यापाऱ्याला तो आकडा ठाऊक असतो. समोर तराजू असतो, हरभरा अजून मोजलेला नसतो आणि ‘बघू’ हा शब्द ओठांवर येऊन थांबलेला असतो.