जर-तरचे गणित

जर-तरच्या गोष्टी करू नयेत, असे आम्ही आजवर ऐकत आलो. बीजगणिताने मात्र आम्हांला त्याच शिकवल्या. क·क्ष² − 4क्ष + 1 = 0 हे समीकरण पाहा. येथे ‘क’ अज्ञातच राहतो, म्हणून उत्तर अटींसहच द्यावे लागते.

क शून्य असेल, तर हे वर्गसमीकरणच नव्हे. क्ष पाव ठरतो. सूत्रात घातल्यास शून्याने भागण्याची वेळ येते, म्हणून ही शक्यता आधीच वेगळी काढावी. एरवी विवेचक 16 − 4क. क 4 हून लहान असेल, तर दोन भिन्न वास्तव मुळे. 4 असेल, तर दोन्ही मुळे अर्धा. मोठा असेल, तर वास्तव मूळ नाही.

ठाम मते ऐकताना आम्ही आता मनाशी विचारतो: यांनी शून्य तपासले असेल का?