पाहुण्यांचे न्हाणीघर

घर पाहावे बांधून, अशी म्हण आपल्याकडे आहे. आमच्या खानापूर-बेळगाव भागातही जुन्या कौलारू घरांच्या जागी नवी घरे उभी राहत आहेत, आणि आशीर्वाद देण्याच्या निमित्ताने त्यांपैकी अनेक घरांतून फिरण्याचा योग मला येतो. अशा वेळी बैठकीच्या खोलीला लागून असलेले एक लहानसे दार मोठ्या अभिमानाने उघडले जाते आणि, “फादर, हे खास पाहुण्यांसाठी,” असे सांगितले जाते. आत चकाकणारी फरशी, वेलबुट्टीचा आरसा आणि सोनेरी मुलाम्याचे नळ असतात. खोली बहुधा ४ फूट रुंद व ६ फूट लांब. खर्च मात्र तिच्या आकाराला न शोभणारा!

धर्मगुरूने या विषयावर काय लिहावे, असे कोणास वाटेल. परंतु मी तर नेहमीचाच पाहुणा. या ना त्या कामासाठी कित्येक घरी मी रात्रीचा उतरलो आहे, आणि यजमानाच्या जे कधी ध्यानात येत नाही ते पाहुण्याला पहिल्याच रात्री कळते. दिव्याचे बटण कोठे आहे हे घरच्यांच्या बोटांना ठाऊक असते. पाहुण्याला अंधारात भिंत चाचपावी लागते. कोरडे कपडे टांगायला खुंटी नसेल, चष्मा ठेवायला फळी नसेल, तर त्या सोनेरी नळाचे त्याला काय सुख?

माझी एक वृद्ध आत्या होती. लग्नकार्याला ती सर्वांच्या आधी हजर असे, पण दिवेलागण झाली की परतण्याची घाई करी. “कोंबड्या कोंडायच्या आहेत,” असे कारण ती सांगे. खरे कारण पुष्कळ वर्षांनी तिने माझ्या आईला सांगितले. तिचे गुडघे धरले होते. खाली बसले की उठवत नसे, आणि परक्या घरी अशा वेळी हाक तरी कोणाला मारावी? गावी जाण्याच्या दिवशी ती सकाळपासून पाणीसुद्धा पीत नसे. अशा आत्या आणि मावश्या आपल्या प्रत्येक कुटुंबात आहेत. त्या तक्रार करीत नाहीत. केवळ मुक्कामाला राहत नाहीत.

म्हणून या खोलीच्या सजावटीचा आरंभ पायाखालून व्हावा, असे मला वाटते. आपल्या जुन्या न्हाणीत काळोख होता, बंबाचा धूर होता. परंतु तेथील खरखरीत दगडावर पाय सहसा घसरत नसे. गुळगुळीत फरशीवर साबणाचे पाणी सांडले की म्हाताऱ्या माणसाचे हाड मोडायला क्षण पुरतो. जमिनीला खडबडीत पृष्ठाची, लहान आकाराची फरशी घ्यावी. लहान फरशीला सांधे अधिक, त्यामुळे पायाला पकड मिळते आणि गवंड्याला उतारही नीट काढता येतो. हा उतार दर फुटाला पाव इंच असला म्हणजे पाणी साचत नाही. चकाकी हवीच असेल तर ती भिंतीला द्यावी.

शौचासाठी खुर्चीसारखे बसण्याचे भांडे बसवावे आणि त्याच्या शेजारी, पक्क्या भिंतीत, एक मजबूत कडी किंवा दांडा रोवावा. तो एवढा घट्ट असावा की माणसाने सगळा भार टाकला तरी हलू नये. दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. आत कोणी पडले आणि दार आत उघडणारे असले, तर पडलेल्याच्या अंगामुळेच ते अडते आणि मदतीला धावलेली माणसे बाहेर तिष्ठत राहतात. कडी अशी असावी की प्रसंगी ती बाहेरूनही काढता यावी.

एवढे झाले की मग रंगरूपाकडे वळावे. भिंती पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या असल्या की लहान खोली मोठी भासते. आरसा खिडकीसमोर लावला तर उजेड दुप्पट वाटतो. हात धुण्याचे भांडे कोपऱ्यात बसवले तर वावरायला जागा उरते. खिडकी उंचावर असावी. तिच्यातून वारा यावा, कोणाची नजर येऊ नये.

आणखी एक गोष्ट. ही खोली महिना महिना बंद राहते आणि नेमका पाहुणा आला की तिला दुर्गंधी येते. याचे कारण बहुतेकांना माहीत नसते. नळीच्या वाकणात थोडे पाणी साठून राहते, आणि तेच गटारातील वायूला वर येऊ देत नाही. अशी वाकडी नळी लंडनमधील अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली आपल्या संडासाच्या पेटंटात योजिली होती. खोली वापरात नसली की ते पाणी सुकून जाते आणि वाट मोकळी होते. त्यावर सुगंधी द्रव्ये शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा मोरीत तांब्याभर पाणी ओतावे, भांड्यातही पाणी सोडावे. तेवढ्याने काम भागते.

नवे घर बांधणाऱ्या कुटुंबांना माझी एकच विनंती आहे. नकाशा पक्का करण्यापूर्वी घरातील वा शेजारच्या एखाद्या आजीला त्या जागी उभे करावे. हात कोठे टेकावासा वाटतो, पाय कोठे अडखळतो, हे तिला विचारावे आणि तेथे खडूने खूण करावी. अशा खोलीसाठी कर्ज काढावे लागत नाही. आणि पुढच्या सणाला एखादी मावशी कोंबड्यांचे निमित्त न सांगता, रात्री पोटभर पाणी पिऊन, आपल्या घरी निर्धास्त झोपेल.