सारमेयाचा अपराध

'पिल्लू सोडणे' हा मराठीतला एक खट्याळ वाक्प्रचार आहे. एखादी शंका किंवा अफवा चारचौघांत हळूच सोडून द्यावी आणि आपण बाजूला उभे राहून गंमत पाहावी, असा त्याचा अर्थ. २०२५ च्या जून महिन्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीने हा वाक्प्रचार आमच्या बाबतीत अक्षरशः खरा केला. पावसाने अंधेरीचा सबवे नेहमीप्रमाणे बंद पडला होता, तिला पूर्वेला घरी जायचे होते, आणि वाटेत आमचे घर होते. दार उघडले तेव्हा तिच्या हातात बिस्किटांचे खोके होते आणि खोक्यात एक ओले, तपकिरी, थरथरणारे पिल्लू. त्याची आई लिंक रोडवर गाडीखाली गेली होती. "सर, आठच दिवस ठेवा. घरच्यांची समजूत काढते आणि घेऊन जाते," असे ती म्हणाली. ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत.

या लेखातले 'आम्ही' संपादकीय नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ते दोघांचे आहे. आमच्यापैकी एक महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झाला आहे, दुसरी अजून शिकवते. गिल्बर्ट हिलच्या सावलीत, जुन्या आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही तीस वर्षे राहतो. खिडकीतून दिसणारा तो काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा आहे असे भूशास्त्रज्ञ म्हणतात. त्याच्या शेजारी राहून आम्हांला आमच्या शिस्तीविषयीही तशाच स्थैर्याचा भ्रम झाला असावा. पुस्तके जागच्या जागी, चहा ठरल्या वेळी आणि दुपारी दोन ते चार शांतता.

नाव ठेवताना आमच्यातला प्राध्यापक जागा झाला. मोती, टायगर, ब्रुनो ही नावे आम्ही एका दमात फेटाळली आणि पिल्लाचे नाव 'सारमेय' ठेवले. सरमा ही देवांची कुत्री. तिचे अपत्य ते सारमेय, आणि त्यावरून संस्कृतात कुत्र्याला सारमेय म्हणतात. ऋग्वेदात यमाच्या वाटेवर राखण करणाऱ्या चार डोळ्यांच्या दोन कुत्र्यांनाही हेच नाव आहे. ही सगळी माहिती आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने पुरवली. इमारतीच्या वॉचमनने मात्र ती एका क्षणात निकालात काढली. तो त्याला 'शर्माजी' म्हणू लागला. दुसऱ्या मजल्यावर खरेच एक शर्मा राहतात, त्यामुळे काही दिवस थोडा ताण होता.

पहिल्या रात्री ते पिल्लू झोपले नाही आणि आम्हीही नाही. आईच्या आणि भावंडांच्या उबेत झोपणाऱ्या जिवाला एकटेपण प्रथमच भेटत होते, आणि त्याचे रडणे अगदी तान्ह्या मुलासारखे होते. जुन्या लुगड्याची चौघडी केली, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवली. पहाटे तीनच्या सुमारास आमच्यापैकी एक जण स्वयंपाकघरात चटई टाकून त्याच्याजवळ झोपला, तेव्हा कुठे ते शांत झाले.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी त्याचे तोंड उघडून दुधाचे दात पाहिले आणि वय सुमारे सहा आठवडे असावे असे सांगितले. पिल्लू किमान आठ आठवडे तरी आईजवळ राहायला हवे, म्हणजे चावा किती जोरात घ्यायचा हे ते भावंडांशी मस्ती करताना शिकते. आमच्या सारमेयाचे ते शिक्षण अर्धवट राहिले होते आणि ते पुरे करण्यासाठी आता आमच्या पोटऱ्या उपलब्ध होत्या. गायीचे दूध बंद करा, त्याला ते पचणार नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, चॉकलेट यांचा कणही देऊ नका. जंताचे औषध आज, पहिली लस पुढच्या आठवड्यात. रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर. आम्ही विद्यार्थ्यासारखे वहीत लिहून घेत होतो.

त्यांनी सांगितलेल्या एका गोष्टीने मात्र आम्ही पेचात पडलो. पिल्लू तीन आठवड्यांचे झाल्यापासून साधारण चौदा आठवड्यांचे होईपर्यंत जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला पुढे आयुष्यभर आपले वाटते. या काळात जे भेटत नाही त्याची भीती राहू शकते. आणि नेमक्या याच काळात लसी पुऱ्या झालेल्या नसल्याने त्याला रस्त्यावर पाय ठेवू देता येत नाही. जग दाखवायचे, पण जमिनीला लागू द्यायचे नाही. यावर उपाय एकच होता. रोज संध्याकाळी आम्ही त्याला कडेवर घेऊन जयप्रकाश रोडने निघत असू. डोक्यावरून जाणारी मेट्रो, चार बंगल्याच्या बाजारातल्या कोळणींचा आवाज आणि मासळीचा वास, रिक्षांचे भोंगे, मिरवणुकीचे ढोल हे सारे त्याने आमच्या खांद्यावरून पाहिले. साठी ओलांडल्यावर अंधेरीत कोणाला कडेवर घेऊन फिरण्याचा योग येईल, असे आम्हांला वाटले नव्हते.

खरा प्रश्न घरातला होता. लहान पिल्लाला लघवी धरून ठेवता येत नाही. ढोबळ हिशोब असा की जितके महिने वय, फार तर तितके तास. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर त्याला ताबडतोब ठरलेल्या जागी न्यायचे आणि तिथे काम झाले की कौतुक करायचे. हे ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात आमच्या घरात दिवसाला दहा-बारा तळी साचत होती आणि ती नेमकी आम्ही अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या वीतभर पलीकडे असत. त्यातच दात शिवशिवू लागले. खुर्चीचे पाय गेले, चपला गेल्या, आणि एका दुपारी दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाच्या एका खंडाचा कोपरा गेला. १९३० च्या दशकात निघालेले ते खंड आमच्या वडिलांनी जपले होते.

आणि मग जुलैतला तो दिवस आला. दिवाणावर चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिका ठेवल्या होत्या. आम्ही बाहेरून आलो तेव्हा वरच्या सात-आठ उत्तरपत्रिका ओल्या होत्या आणि निळी शाई पसरली होती. सारमेय दाराशी शेपटी हलवत उभा होता. आमच्यापैकी एकाने वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि त्याला दोनदा मारले. जोरात मारले. स्वयंपाकघरातून दुसऱ्याचा आवाज आला, "काय केलं त्यानं आता?"

कोणाचा हात आणि कोणाचा आवाज, हे या लेखात लिहायचे नाही असे आमचे ठरले आहे. त्या प्रसंगात दोघांचाही वाटा होता, आणि तो किती होता हे आम्हांला त्या रात्री उमगले. ज्या कथेवरून आम्ही त्याचे नाव ठेवले होते, ती कथा पुरती आठवली ती तेव्हा.

महाभारतातला कुत्रा म्हटले की आपल्याला महाप्रस्थानिक पर्व आठवते. युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी उभा आहे, इंद्र रथात बसायला सांगतो आहे, आणि युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून यायला तयार नाही. वर्गात आम्ही हा प्रसंग कितीदा रंगवून सांगितला असेल. पण आदिपर्वाच्या अगदी आरंभीही एक कुत्रा आहे, पिल्लूच, आणि त्याच्याकडे आम्ही कधी थांबून पाहिले नव्हते. जनमेजय कुरुक्षेत्री सत्र करीत आहे. तिथे सरमेचे पिल्लू येते. जनमेजयाचे तीन भाऊ, श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन, त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. आईही प्रथम काय म्हणते? तूच काहीतरी अपराध केला असशील. पिल्लू सांगते की मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटले नाही. तेव्हा सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, याने काही केले नसताना याला का मारलेत? भाऊ काहीच बोलत नाहीत. मग ती शाप देते की निरपराध्याला मारलेत, म्हणून तुमच्यावर न दिसणारे भय येईल.

आमच्या सारमेयाने तर उत्तरपत्रिका भिजवल्या होत्या, म्हणजे अपराध झाला होता, असा युक्तिवाद आम्ही त्या रात्री करून पाहिला. तो टिकला नाही. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी त्याची उरलीसुरली बाजूही काढून घेतली. लघवी होऊन तास उलटला असेल, तर शिक्षेचा आणि त्या कृतीचा संबंध पिल्लाच्या मनात जुळूच शकत नाही. तो संबंध जुळायला काही क्षणांचेच अंतर चालते. त्याला इतकेच कळले की ही माणसे घरी आली, मी आनंदाने पुढे गेलो आणि मला मार बसला. हविर्द्रव्याची पवित्रता त्या पिल्लाला कोणी सांगितली होती? उत्तरपत्रिकांची आमच्या पिल्लाला कोणी सांगितली होती? यज्ञ आमचा होता, नियम आमचे होते, आणि अपराध तेवढा त्याचा ठरवला गेला.

परिणाम लगेच दिसले. आता कोणी वर्तमानपत्र उचलले की सारमेय अंग चोरून बसे आणि बसल्या जागी त्याला लघवी होई. आम्हांला प्रथम तो हट्ट वाटला. तो हट्ट नसतो, ती शरणागती असते. मी लहान आहे, मला मारू नका, हे सांगण्याची त्याच्याकडे एवढीच भाषा आहे. आणि त्यावर आपण ओरडलो तर ती आणखी होते. आम्ही दोघांनी मिळून साठ वर्षे तरी भाषा शिकवली असेल, पण एवढे साधे वाक्य आम्हांला वाचता आले नव्हते.

शापावर आमचा विश्वास नाही. पण जुलै संपता संपता न दिसणारे भय घरात आले खरे. सारमेयाने एका सकाळी अन्न सोडले, संध्याकाळपर्यंत उलट्या सुरू झाल्या आणि रात्री रक्ताचे जुलाब. चाचणीत पार्व्हो निघाला. १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू दोनच वर्षांत जगभर पोहोचला होता. तो आतड्याचे अस्तर सोलून काढतो, जमिनीवर महिनोन् महिने टिकतो, नेहमीच्या फिनाईलला दाद देत नाही. पिल्लाला एकच लस झालेली होती, तेवढे संरक्षण पुरे नव्हते. पण आम्ही तर त्याला जमिनीवर ठेवलेच नव्हते. मग हा आला कुठून? पशुवैद्यांनी आमच्या पायांकडे पाहिले. रस्त्यावरून चपलांना लागूनही तो येऊ शकतो.

जनमेजय शापाने घाबरला आणि पापशमन करू शकेल असा पुरोहित शोधत हिंडला. आम्हीही पाच दिवस रोज सकाळ-संध्याकाळ रिक्षाने दवाखान्यात जात होतो. पुढच्या पायाला सलाईनची सुई, वरून पिशवी धरून उभे आम्ही. या रोगावर उपचार मुख्यतः आधाराचेच असतात. शरीर सावरेपर्यंत पाणी आणि क्षार पुरवायचे आणि वाट पाहायची. मराठीने कुत्र्याला शिव्यांखेरीज फारसे काही दिलेले नाही. कुत्र्याच्या मौतीने मरणे, कुत्रा हाल न खाणे, वाकडे ते शेपूट. त्यांतला 'कुत्र्याची मौत' हा शब्दप्रयोग त्या पाच दिवसांत आमच्या तोंडी येईनासा झाला. चौथ्या रात्री त्याने सुईच्या पायाशी धरलेला हात चाटला. तो ज्याने मारले त्याचाच हात होता. सहाव्या दिवशी त्याने दोन चमचे पेज खाल्ली.

तो बरा होत होता त्याच ऑगस्टमध्ये देशभर कुत्र्यांवरून वाद पेटला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला, आणि २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने त्यात बदल करून, पिसाळलेले आणि आक्रमक वगळता बाकीचे निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावेत असे सांगितले. आमच्या सोसायटीच्या सभेतही त्याचे पडसाद उमटले. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, त्यामुळे ज्यांना भीती वाटते त्यांची भीती खोटी नाही, हे आम्ही मान्य केले. या शहराला हा वाद नवाही नाही. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारने बेवारशी कुत्रे मारायला काढले तेव्हा मुंबईच्या पारशी समाजाने दंगल केली होती आणि बाजार बंद पाडले होते. सभेत एका गृहस्थांनी विचारले, "तुमचे हे शर्माजी कधी चावले तर?" आम्ही त्यांना लसीचे कार्ड दाखवले. मनात मात्र आले की चावण्याचा हक्क त्याला कधी होता, तर तो जुलैतल्या त्या दुपारी होता, आणि तेव्हा त्याने तो वापरला नाही.

आता सारमेय मोठा झाला आहे. दुधाचे अठ्ठावीस दात जाऊन बेचाळीस पक्के दात आले आहेत. शब्दकोशाचे खंड वरच्या फळीवर गेले आहेत, दुपारची शांतता गेली ती गेलीच. तळी साचणे केव्हा थांबले ते आमच्याही लक्षात आले नाही. घड्याळ लावून आम्ही त्याला वेळेवर बाहेर नेऊ लागलो, म्हणजे शिस्त आम्हांला लागली, आणि मग त्याला. ज्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका भिजल्या होत्या त्यांची चाचणी पुन्हा घेतली. त्यांना खरे कारण सांगितले तेव्हा वर्ग बराच वेळ हसत होता. मारल्याचे सांगितले तेव्हा कोणी हसले नाही. सरमेच्या प्रश्नावर ते तीन भाऊ गप्प का राहिले असतील, असे एका मुलीने विचारले. बहुधा तिघे होते म्हणून, असे आम्हांला वाटते. अनेकवचनात गप्प राहणे सोपे जाते.

एक गोष्ट मात्र पुसली गेलेली नाही. कोणी वर्तमानपत्राची घडी घालायला घेतली की सारमेय अजून उठून टेबलाखाली जातो. म्हणून आमच्या घरी पेपर घडी घालून ठेवत नाहीत. तो टेबलावर पसरलेला असतो आणि वाचून झाला की तसाच पलंगाखाली सरकवतात. महिन्याच्या शेवटी रद्दीवाला येतो आणि एवढी मोठी सुटी पाने आवळून बांधताना कुरकुरतो.