अठ्ठावीस सांधे आणि माझे तळपाय

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत एका सकाळी कुकरचं झाकण मला लागेना. उठल्यावर मूठ मिटायलाच दीड तास जायचा. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, संधिवाताच्या या दोन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह आल्या. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट सुरू केलं, जोडीला फॉलिक ॲसिड. बोटांची सूज उतरली, पण गोळीनंतर दोन दिवस मळमळायचं, अन्नावरची वासनाच उडाली.

शेवटी सासूबाई मला वैद्यांकडे घेऊन गेल्या. महिनाभर त्या रोज रात्री माझ्या सांध्यांना कोमट तीळतेल चोळत होत्या. वैद्यांनी आधी तेच बंद केलं. "हा आमवात आहे ताई. आम असताना तेल लावायचं नाही." आम म्हणजे नीट न पचलेल्या अन्नाचा चिकट अंश. आयुर्वेद म्हणजे तेल, अशी आमची समजूत. तीच पहिल्या भेटीत मोडली. माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे आणि उपचार लंघन, कोरडा शेक इथून सुरू होतात, हे तेव्हा कळलं. मला तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा शेक, सुंठीच्या काढ्यातून एरंडेल आणि सिंहनाद गुग्गुळ मिळाला. दही, उडीद बंद.

मीही दोन अटी घातल्या. प्रत्येक औषधाचं नाव लिहून हवं आणि पारा असलेलं काही नको. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांश औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा २००८ सालचा अमेरिकी अभ्यास मी वाचला होता. वैद्य चिडले नाहीत. "रसौषधींबद्दल माझं मत वेगळं आहे, पण तुम्हाला देणार नाही. आणि तुमची गोळी मी बंद करणार नाही." डॉक्टरांनी कागद वाचला आणि यकृताची तपासणी चुकवायची नाही, एवढंच बजावलं.

मी वही घातली. काढा सुरू केला तेव्हा सकाळचा ताठरपणा पन्नास मिनिटं होता. तीन महिन्यांनी पंचवीस. भाकरी पुन्हा गोड लागू लागली. रक्तातून सूज दाखवणारा ईएसआर ३८ होता, तो ३४ झाला, म्हणजे जवळजवळ तिथेच.

वैद्यांनी जीभ पाहिली, भूक विचारली आणि खूश झाले. डॉक्टरांनी ठरलेले अठ्ठावीस सांधे दाबून पाहिले, दोनच दुखले. तेही खूश झाले. त्या अठ्ठावीसांत खांदे, कोपरं, मनगटं, बोटं, गुडघे येतात. पावलं येत नाहीत. आणि मी मात्र पहाटे बाथरूमपर्यंत गोट्यांवरून चालल्यासारखी जायची. वहीतलं ते पान पुढे केलं तेव्हा पायांचा एक्स-रे निघाला. करंगळीच्या मुळाशी हाड कुरतडलं जायला लागलं होतं. डॉक्टरांनी दुसरं औषध जोडलं.

मग काढ्याचा गुण आला की नाही? भूक आणि झोप सुधारल्याचं श्रेय मी वैद्यांना देते. ताठरपणाचं छातीठोक सांगता येत नाही. त्याच काळात थंडी सरली होती आणि पोळ्यांना बाई लावली होती. कोइम्बतूरला आयुर्वेद, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र अशी तुलना झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तिन्ही गटांना साधारण सारखाच फायदा दिसला. पण रुग्ण होते अवघे ४३, आणि करणाऱ्यांनीच त्याला प्राथमिक अभ्यास म्हटलं होतं. माझ्या वहीत तर एकच रुग्ण आहे. हाड मात्र मला बरं वाटत असतानाच झिजत होतं, हे त्या एका रुग्णाला पक्कं ठाऊक आहे.

काढा अजून घेते, गोळीही घेते. दोघांकडेही गेले की जीभ आणि हात दाखवायच्या आधी चप्पल काढून पाय पुढे करते.