बोक्याची भाटी

बाळू ट्रेमध्ये बसायचा, उकरायचा, उठायचा, की पुन्हा जाऊन बसायचा. पाठीला बाक, घशातून घोगरा हुंकार आणि ट्रे कोरडाच. "खडा झालाय त्याला," आई म्हणाली. मलाही पटलं. कोमट दुधात चमचाभर तूप घालून दिलं. ते हुंगून तो पलंगाखाली गेला आणि स्वतःला चाटत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी ओकाऱ्या लागल्या, तेव्हा कुठे मी टोपली काढून कोथरूडच्या नाक्यावर रिक्षा पकडली.

डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि माझा हात धरून तिथे टेकवला. आत मोसंब्याएवढं काहीतरी, टणक. "ताई, शी नाही, लघवी तुंबलीय. कधीपासून?"

खडा होता खरा. वाट मी चुकीची धरली होती.

लघवीवाटे जायचं पोटॅशियम रक्तात साठत होतं. साडेपाचच्या आत हवं, ते ८.१ भरलं. त्याने हृदयाची लय बिघडते. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला दोनशेपर्यंत जातात. बाळूचे शंभरावर आले होते. आधी शिरेतून कॅल्शियम देऊन हृदय सावरलं, मग भूल देऊन नळी घातली. पिशवीत लालसर लघवी उतरली, तळाशी बारीक रेती. स्ट्रुव्हाइटचे स्फटिक, डॉक्टर म्हणाले.

तीन दिवसांनी नळी काढली. घरी आल्यावर आठव्या दिवशी पुन्हा तोच हुंकार. या वेळी तूप नाही, सरळ रिक्षा.

"आता ऑपरेशनच." डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे नरसाळं काढलं. बोक्याची मूत्रनलिका मूत्राशयाकडे रुंद आणि लिंगाच्या टोकाशी अगदी चिंचोळी, रेती तिथेच अडते. तो भाग काढायचा, आतली रुंद नलिका उघडून त्वचेला शिवायची. मांजरींची नलिका आखूड आणि रुंद, म्हणून त्या सहसा तुंबत नाहीत.

आईने हे सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे बोक्याची भाटी करायची." डॉक्टर हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

पुढचे चौदा दिवस बाळूच्या गळ्यात भोंगा होता. जखमेला दाणे चिकटू नयेत म्हणून लिटर बंद. ट्रेमध्ये फाडलेली वर्तमानपत्रं. अग्रलेखाचं पान त्याला विशेष आवडे. भोंगा दाराच्या चौकटीला आपटला की तो वळून माझ्याकडेच बघायचा. ते मला लागायचं. ते दूध-तूप डोक्यातून जात नव्हतं, अजून जात नाही.

वाट रुंद झाली, पण रेती तयार होणं थांबलेलं नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. शिवाय आता जंतुसंसर्गाची धास्ती जास्त, म्हणून अधूनमधून लघवी तपासायची. कोरडं खाणं बंद करून डॉक्टरांनी लिहून दिलेलं ओलं सुरू केलंय. आईच्या हिशेबाने महिन्याला हापूसची एक पेटी. पाणी पोटात जावं म्हणून घरभर पाच वाट्या ठेवल्यात, आणि हा पितो न्हाणीघरातल्या बादलीतलं.

रोज सकाळी मी ट्रे चाळते आणि लिटरचे ओले गोळे मोजते. आई चहा गाळता गाळता विचारते, "किती?"

"तीन."

"लहान की मोठे?"