आठ बाटल्यांची एक बाटली

'वाढपी' हा शब्द आमच्या कंग्राळीत अजूनही मानाने उच्चारला जातो. सप्ताहाच्या समाप्तीस पंगत बसली, की भाताची परात कोणी धरावी आणि आमटीची बादली कोणाच्या हाती द्यावी, हे जाणती मंडळी चेहरे पाहून ठरवितात. आमच्या पुतण्याच्या हाती ती बादली बाराव्या वर्षी आली. दोनशे पानांची पंगत असली तरी थेंब सांडू न देता तो एका दमात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई. तोच मुलगा आज गोव्यातील एका मोठ्या हॉटेलात वाढप्याचेच काम करतो. मात्र तेथे त्याच्या हाती आमटीऐवजी वाईन असते, आणि एवढ्या एका फरकामुळे गेल्या दोन वर्षांत त्याची तीन स्थळे परत गेली. 'मुलगा दारू ओततो' एवढे तीन शब्द पुरले.

आमचे थोरले बंधू माळकरी. मुलाने नोकरी धरली तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती, गळ्यातली माळ उतरवायची नाही. तिसरे स्थळ मोडल्यावर मात्र त्यांनी त्याला परत बोलावून उद्यमबागेतील एखाद्या फौंड्रीत चिकटवावे असा विचार चालविला. त्यापूर्वी आम्हांस म्हणाले, "तू चार बुकं शिकलेला आहेस. एकदा जाऊन बघून ये, ते पोरगं तिथं करतंय तरी काय. मग ठरवू."

आम्ही माघ महिन्यात चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरलो. हॉटेलात एका बड्या घरचे लग्न होते आणि यजमानांनी फ्रान्समधून आलेली तांबड्या वाईनची सहा लिटरांची एक बाटली त्यासाठी राखून ठेवली होती. साधी बाटली पाऊण लिटराची असते, म्हणजे ही एकटी आठांच्या बरोबरीची. वजन भरलेपणी दहा किलोंच्या आसपास. बोर्दो प्रांतात या मापाला 'अँपेरियाल' म्हणतात. शॅम्पेनच्या बाटल्यांना मात्र बायबलमधील जुन्या पुरुषांची नावे आहेत : तीन लिटरांची यराबाम, सहाची मथुशलह, नऊची शल्मनेसर, पंधराची नबुखद्नेस्सर. मराठी बायबलातील ही नावे बाटल्यांवर बसलेली ऐकून आम्हांस हसू आले. ९६९ वर्षे जगलेल्या मथुशलहाला सहाच लिटर यावेत, हा तसा अन्यायच.

खरे म्हणजे आम्हां सीमाभागातल्यांना मोठ्या बाटलीची ओळख फ्रान्सपेक्षा गोव्याने आधी करून दिली. पोर्तुगीज अमदानीत रुळलेला 'गाराफांव' म्हणजे अरुंद मानेचा, फुगीर पोटाचा, काचेचा भला थोरला बुधला; पुष्कळदा त्याला वेताचे किंवा काथ्याचे विणलेले कवच असे. काजूची बोंडे तुडवून काढलेला रस आंबवायचा, त्याच्या पहिल्या उकळीचा हुर्राक आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. ती फेणी गाराफांवात घालून घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे ठेवीत. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि कांदोळीला २०२१ साली मद्याचे जे संग्रहालय उघडले त्यात हे गाराफांव मांडून ठेवलेले आहेत. गाराफांव कोणी पाहुण्यांपुढे आणून वाकवीत नसे. त्यातून लहान बाटली भरायची आणि ती पुढे करायची. आपल्याकडेही लोणच्याची मोठी बरणी पानाशी येत नाही, सट येतो. मोठे भांडे मागे राहते, हा संकेत सर्व मुलखांत सारखाच दिसतो.

पुतण्याने ती सहा लिटरांची बाटली तीन दिवस आधीच उभी करून ठेवली होती. जुन्या तांबड्या वाईनमध्ये गाळ असतो. आडवी बाटली ऐनवेळी उभी केली तर तो सर्वत्र पसरतो. "काका, मोठ्या बाटलीत वाईन सावकाश मुरते," तो सांगू लागला. "बुचाखालची हवा थोडी, आणि खाली वाईन आठपट. आईची बरणी तोंडापर्यंत भरलेली असली की लोणचं टिकतंय की ओ, तसंच."

बूच काढणे हाच खरा कसोटीचा प्रसंग. या बाटलीचे बूच नेहमीपेक्षा बरेच रुंद. साधी मळसूत्री सळई त्याच्या मधोमध शिरते, पण कडा काचेला चिकटलेल्या राहतात. ओढले की गाभा हाती येतो आणि उरलेले चुरा होऊन आत पडते. म्हणून त्याने लांब सळई मधोमध खोलवर बसविली, मग दोन पातळ पात्यांचा चिमटा बूच आणि काच यांच्या फटीत डोलवीत डोलवीत उतरविला आणि दोन्ही एकदम, किंचित फिरवीत, वर घेतली. (फेसाळ शॅम्पेनची रीत अगदी निराळी. तिच्या पोटात मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून अधिक दाब असतो. तेथे बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, आणि तोंड माणसांकडे करायचे नाही. शिवाय यराबामपेक्षा मोठ्या बाटल्या बहुधा लहान बाटल्यांतूनच भरतात म्हणे. म्हणजे थाट थोरलीचा आणि माल धाकटीचा.)

बूच निघाल्यावर पुतण्याने ते नाकाशी धरले, मग बाटलीच्या तोंडाशी वाकला. बुचाला कधी कधी बुरशीजन्य दोष असतो. तो वाईनमध्ये उतरला की तिला पावसात भिजलेल्या पोत्याचा वास येतो. आषाढातल्या भाताच्या पोत्यांत वाढलेल्या मुलाला हा वास कोणी शिकवावा लागला नसेल. त्याने मान हलविली. त्यानंतर सासष्टीकडचे त्याचे वरिष्ठ, एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ, यांनी घोटभर चव घेऊन मान हलविली. वास घेणारा आमचा, चव घेणारे ते, अशी त्यांची वाटणी होती. शर्टाच्या बंद गळपट्टीआड तुळशीची माळ होती, हे आम्ही मुद्दाम पाहिले.

मग ओतणे. एकाने बूड पेलले, पुतण्याने मान सांभाळली, खांद्याखाली एक दिवा ठेवला. बाटली एकदा वाकली की शेवटपर्यंत पुन्हा उभी करायची नाही. केली तर गाळ ढवळतो. म्हणून काचेच्या आठ सुरया रांगेने ठेवलेल्या. एक भरली की धार न तोडता दुसरी पुढे सरकवायची. आम्ही श्वास रोखून मोजत होतो. सातवी भरली, आठवी अर्ध्यावर आली, दिव्याच्या उजेडात मानेपाशी काळसर रेघ दिसली आणि "बस्स" म्हणून त्याने बाटली उचलली. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर एक डाग नव्हता. पाहुण्यांसमोर गेल्या त्या सुरया. बाटली मागेच राहिली.

रात्री तो म्हणाला, "पुढच्या पायरीची परीक्षा आहे काका. पण ती चव घेतल्याशिवाय देता येत नाही. दोन वर्षं मी नाव घातलं नाही. हे आण्णांना सांगू नका." मग थोडे थांबून, "आई नैवेद्याचं मीठ चाखत नाही, तरी चुकत नाही. तसंच मी नाकावर चालवतोय. पण नाकाचे मार्क देत नाहीत."

आम्ही कंग्राळीस परतून बंधूंना सर्व सांगितले, परीक्षेचेही सांगितले. मुलाच्या कामाविषयी बापाने अर्धे ऐकून निर्णय घ्यावा, हे आम्हांस मान्य नव्हते. ते सुपारी कातरत ऐकत होते. वहिनी दाराशी उभ्या होत्या.

"ती माणसं गिळतात काय सगळं?" बंधूंनी विचारले.

"परीक्षेत नाही," आम्ही म्हणालो. "जिभेवर फिरवतात आणि भांड्यात थुंकतात. साऱ्या जगात तीच रीत आहे."

अडकित्ता थांबला.

"थुंकतात," ते स्वतःशीच म्हणाले. मग बराच वेळ अंगणातल्या तुळशीकडे पाहत बसले. "त्याला म्हणावं, एकादशी झाल्यावर घरी ये. आणि फौंड्रीतल्या त्या माणसाला अजून काही बोलू नको."