टिटवाळ्यात, घरबसल्या

माझ्या मुलाला ऑटिझम आहे हे 2019 साली कळलं. तेव्हा तो तीन वर्षांचा होता. पालकांचं प्रशिक्षण मुंबईतल्या एका केंद्रात. टिटवाळ्याहून लोकल, दादरला उतरून पुन्हा दुसरी गाडी. स्टेशनात घोषणा सुरू झाली की तो कान दाबून खाली बसायचा. पोचेपर्यंत आम्ही दोघं थकलेले. तिथल्या प्रशिक्षक ताई शिकवायच्या त्यातलं निम्मं डोक्यात शिरायचं नाही.

23 मार्च 2020 पासून लोकल बंद झाल्या आणि केंद्राने प्रशिक्षण व्हिडिओ कॉलवर आणलं. सासूबाई म्हणाल्या, "फोनवर काय शिकवणार?" मलाही तेच वाटत होतं. सुरुवातीला आवाज तुटायचा, मुलगा फोन ओढायचा. शिवाय दोन खोल्यांत सगळ्यांसमोर त्याच्याबद्दल बोलायला जड जायचं. मी हेडफोन लावून गॅलरीत बसू लागले.

मग ताई म्हणाल्या, त्याला स्क्रीनसमोर बसवूच नका. घरी खेळतानाचा छोटा व्हिडिओ आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, कॉलवर त्यावर बोलायचं. एका व्हिडिओत मी सारखी विचारत होते, "हे काय? रंग कुठला?" ताई म्हणाल्या, प्रश्न कमी करा. तो करतो ते तुम्ही करा आणि थांबा. बिस्किटांचा डबा घट्ट लावून त्याच्या हातात द्या. तो मदतीसाठी तुमच्याकडे वळला की "उघड" एवढंच म्हणा आणि लगेच उघडून द्या.

बरेच दिवस काहीच झालं नाही. एका दुपारी त्याने डबा सासूबाईंच्या मांडीवर ठेवला आणि "उघ" म्हणाला. त्यांनी जेवण बाजूला ठेवलं, पुन्हा पुन्हा डबा लावत बसल्या.

केंद्रात मी एकटी शिकायचे. घरी सासूबाई शेजारी बसायच्या, रविवारी हेही. सगळे त्याच्याशी सारखंच वागू लागलो. वाचलेल्या प्रवासापेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेचाही 2 ते 9 वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी असा कार्यक्रम आहे. मूळ आखणीत 9 गटसत्रं आणि 3 गृहभेटी. पुढे तो ऑनलाइनही आला. कुठेही नाव घालण्याआधी एवढं विचारा: मराठीत शिकवतात का, आणि तुमचा घरचा व्हिडिओ बघून बोलतात का. नुसती भाषणं असतील तर उपयोग कमी.

तपासणी आणि दिव्यांग प्रमाणपत्र यांसाठी मात्र मुलाला घेऊन जावंच लागतं. त्या दिवशी गर्दी ओसरल्यावरची गाडी धरा आणि कान झाकणारे मोठे हेडफोन त्याच्यासाठी सोबत ठेवा.